वाडा, ३४ एकर आणि पाच हिस्सेदार: आधी कशाला हात घालायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सासवडच्या पुढे गावठाणात पावणेदोनशे वर्षांचा दोनचौकी वाडा, विहिरीखालची आणि माळाची मिळून ३४ एकर जमीन. वडील गेल्या वर्षी गेले. हिस्सेदार पाच: तिघे पुण्यात, एक बहीण अमेरिकेत, एक चुलतभाऊ गावात. मागच्या पावसात मागच्या चौकाची माडी बसली. एकजण म्हणतो रिसॉर्ट काढू, दुसरा म्हणतो विकून मोकळे होऊ. आणि तुम्ही विचारताय, वाडा मूळ स्वरूपात उभा करायला किती खर्च येईल आणि तो शेतीतून निघेल का.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, शेतीशी संबंध मंडईपुरता. लग्न होऊन अशाच एका घरात आले, आणि मामंजी थकले तशी वाड्याची आणि शेताची किल्ली माझ्याकडे आली. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. मी वास्तुविशारद नाही, वकीलही नाही. दोघांची बिलं मात्र भरपूर भरली आहेत. तेव्हा जे सांगते ते केलेलं किंवा करून फसलेलं आहे.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. वाडा बघितल्याशिवाय जो देईल त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण आकडा न देण्याचं खरं कारण वेगळं आहे. तुम्ही एका मोठ्या रकमेचा विचार करताय. ती कुठून तरी आणायची, वाडा उभा करायचा आणि मग सुटलो. वाडा तसा चालत नाही. तो इतकी वर्षं उभा राहिला तो दर वैशाखात कोणीतरी कौलांवर चढत होतं म्हणून. तुमची माडी मागच्या पावसात बसली असं तुम्ही लिहिलंय, पण ती बसायला सुरुवात दहा-बारा वर्षांपूर्वी झाली असणार, ज्या वर्षी शाकारणी करणारा शेवटचा माणूस थकला त्या वर्षी. म्हणून मी तुमचा प्रश्न असा मांडेन: या वाड्याला दरवर्षी लागणारा थोडा पैसा आणि एक कायमचा माणूस कुठून येणार, आणि त्याबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार पाचांपैकी कोणाला? याचं उत्तर सापडलं तर मोठ्या दुरुस्तीचं बघता येतं. नाही सापडलं तर एक कोटी ओतले तरी पंधरा वर्षांनी तुमची मुलं हाच प्रश्न विचारतील.

आता तातडीचं. पावसाआधी एकच काम करा, पाणी अडवा. मागच्या चौकावर ताडपत्री टाका, बांबूचा उतार देऊन, भिंतीच्या बाहेर पाणी पडेल अशी. पुढच्या चौकाची कौलं शाकारून घ्या. बाकी काही करू नका. रंग नको, गिलावा नको, फरशी तर अजिबात नको.

आणि पहिला मोठा पाऊस येईल त्या रात्री वाड्यात मुक्कामाला जा. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. बॅटरी आणि खडू घ्यायचा, खणाखणातून (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) फिरायचं. जिथे थेंब पडतो तिथे खाली जमिनीवर खूण करायची आणि वर बघायचं की पाणी कुठल्या तुळईवरून चालत आलंय. ते भोकाच्या बरोबर खाली कधीच पडत नाही. वाशावरून सरकत सरकत तीन-चार हात लांब येऊन टपकतं. आमच्या सदरेत गळणारं पाणी दोन वर्षं आम्ही सदरेच्याच कौलांत शोधत होतो. ते निघालं देवघरावरच्या वळचणीतून, माकडांनी सरकवलेल्या दोन कौलांमुळे.

दुसऱ्या दिवशी उजेडात खांब आणि तुळया तपासा. आपल्या वाड्यांत भार लाकडी सांगाडा घेतो, भिंती बऱ्याचशा मधल्या जागा भरायला असतात. म्हणून भिंतीला तडा दिसला की लोक घाबरतात, पण मला भीती वाटते ती दोन जागांची. एक, खांब जिथे दगडी तळखड्यावर टेकतो ती. दुसरी, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, जिथे वारा लागत नाही आणि ओल मात्र लागते. दाभण घ्या आणि टोचून बघा. चांगल्या सागवानात ते जेमतेम शिरतं. कुजलेल्यात लोण्यात जावं तसं जातं. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई फेकायची नसते. खाली टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि जुन्याच सागवानाचा जोड द्यायचा, हे जाणता सुतार करतो. वाळवीचे मातीचे माग दिसले तर ते मोडून थांबू नका, ओल कुठून येते ते शोधा. ओल बंद झाल्याशिवाय औषध मारणं म्हणजे पाहुण्याला हाकलून जेवणाचं ताट तसंच मांडून ठेवणं.

सिमेंटबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाडे पावसानं नाही, प्रेमानं केलेल्या सिमेंटनं गेलेत. आम्हीही केलंय. सदरेची पश्चिमेची भिंत खालून पोपडे धरत होती, लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागला होता. माहितीतल्या एका ठेकेदाराने सांगितलं, चांगला सिमेंटचा गिलावा मारू, पन्नास वर्षं बघायला नको. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी मार्च महिन्यात, बाहेर ऊन रणरणत असताना, भिंतीवर हात मारला तर पोकळ वाजली. आठ दिवसांनी दाराएवढा तुकडा एकसंध खाली आला आणि त्याच्या पाठीला चिकटून भिंतीची दोन-तीन इंच मातीही आली. आतली माती ओली होती. मार्चमध्ये! जमिनीतून वर चढणारी ओल पूर्वी भिंतीच्या अंगातून उडून जायची. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं, ती आतच साठली आणि माती सोडवून गेली. चुन्याचा गिलावा ओल येऊ देतो आणि जाऊही देतो, म्हणून मातीच्या भिंतीला तोच चालतो.

शिवाय लोणा लागण्याचं मूळ भिंतीत नव्हतंच. आम्ही चौकात पेव्हिंग ब्लॉक बसवले होते, त्याने चौकाची पातळी चार बोटं वर आली आणि जुनी दगडी मोरी बुजली. सगळं पाणी जोत्याला लागत होतं. ब्लॉक उपसले, मोरीत हळद कालवलेलं पाणी ओतलं आणि पोरांना वाड्याभोवती उभं केलं. बऱ्याच वेळाने गोठ्यामागे पिवळी धार आली. गाळ काढायला दोन गडी चार दिवस लागले. भिंत सुकायला दीड वर्ष लागलं, पण सुकली, आणि मग तिला चुना लावला. तुमच्या चौकात गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोणी हौसेनं काही बसवलंय का ते आधी बघा.

चुन्याचं काम दिवाळी ते शिवरात्र या दिवसांत करायचं. कळीचा चुना भिजवून हौदात निदान महिनाभर मुरवायचा, वाळू, जमलं तर सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि आमच्याकडे जुने गवंडी हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून त्याला घाई चालत नाही. उन्हाळ्यात केलात तर भेगा पडतील, पावसात केलात तर वाहून जाईल. रोज पाणी मारायला माणूस हवा. पुण्यात बसून हे काम फोनवर करता येत नाही.

'मूळ स्वरूपात' हा शब्द मात्र थोडा बाजूला ठेवा. कुठलं मूळ? तुमच्या वाड्यावर पहिल्यांदा कदाचित मातीचं धाबं असेल, मंगलोरी कौलं नंतर आली असतील, जिना एखाद्या पणजोबांनी हलवला असेल. आणि मागचा चौक उभा केलाच पाहिजे असंही नाही. माझं मत विचाराल तर पुढचा चौक जपा. मागचा नीट उतरवा, प्रत्येक तुळईला नंबर घालून कोरड्या जागी ठेवा आणि जोती तशीच राहू द्या. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, आज आत जोतीच उरलीत, तरी तिथे उभं राहिलं की घर कुठे होतं ते कळतं. उतरवलेलं लाकूड मागच्या चौकाला नाही तर पुढच्या चौकाच्या जोडांना कामी येतं. फक्त जुन्या लाकडाचे व्यापारी दाराशी येतील, त्यांना चहा द्या आणि बोळवा. एका नक्षीच्या खांबाचे पैसे बघून हिस्सेदारांचे डोळे फिरतात.

आता कागद. इथे परिस्थितीप्रमाणे सगळं बदलतं, म्हणून काय तपासायचं तेवढंच सांगते. वाडा गावठाणात आहे, त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली आहे का आणि तिच्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. गावातल्या चुलतभावाचं एकट्याचं नाव लागलं असेल तर भांडू नका, आधी विचारा. बऱ्याचदा मोजणीच्या दिवशी हजर होता तो तेवढाच असतो.

जमिनीचा नुसता सात-बारा वाचून थांबू नका, त्यामागचे १९५० नंतरचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. अशा घरांच्या जमिनी बहुधा इनामाच्या किंवा वतनाच्या असतात. वतनं-इनामं १९५० आणि ६० च्या दशकांत वेगवेगळ्या कायद्यांनी खालसा झाली. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि देवस्थान इनाम असेल तर ती तुमची नव्हेच, तुम्ही फक्त वहिवाटदार. विकून मोकळे होऊ म्हणणाऱ्या भावाला हा उतारा आधी दाखवा, निम्मी चर्चा तिथेच संपते. बहिणींचा हक्क तर आता वादाचा विषयच राहिलेला नाही: हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल, दोन्ही स्पष्ट आहेत. अमेरिकेतल्या बहिणीकडून 'नंतर बघू, आधी हक्कसोड कर' असं करून घेऊ नका. नोंदलेलं हक्कसोडपत्र परत फिरत नाही, आणि नातंही. तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्या. ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

कोणीतरी तुम्हाला 'ट्रस्ट करून टाका' किंवा 'कंपनी काढा' असं सांगेलच. सार्वजनिक ट्रस्ट केलात की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर मिळकत विकता येत नाही. काही घरांना तेच हवं असतं, पण ते समजून करा. शेतजमीन कंपनीच्या नावावर करणं तर बिगरशेतकऱ्याच्या मुद्द्यावर अडतं. आम्ही साधी वाट धरली. जमीन ज्याच्या त्याच्या नावे, वाडा सामाईक, आणि तीन वर्षांसाठी कारभारी एकच, लेखी. वाड्याचं वेगळं बँक खातं, दिवाळीला हिशोबाची वही सगळ्यांसमोर. पहिली तीन वर्षं कारभारी मी होते, मग धाकटे दीर, मग चुलत पुतणी. ती सगळ्यात कडक निघाली. चहापत्तीचीही पावती मागते.

कुळांबद्दल एक बोलते, थोडं खासगी आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कूळकायद्याने कसणारा मालक ठरला त्या दिवसानंतर, आमच्या घरची निम्म्याहून जास्त जमीन कसणाऱ्यांकडे गेली. मामंजींना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. ज्या घरांकडे जमीन गेली त्यांच्याशी त्यांनी बोलणं टाकलं. परिणाम काय, तर गावात विहीर कोणाची, ओढ्याचं पाणी कुठून वळतं, कुठल्या मातीत काय येतं हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं त्यांचाच सल्ला आम्हाला मिळेना. मी पहिल्यांदा त्यातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा तिथल्या आजींनी मला बसवून सांगितलं की आमच्या बारवेच्या दुसऱ्या टप्प्यावर एक झरा आहे आणि तो पन्नास वर्षं गाळाखाली आहे. गाळ काढला, झरा निघाला. तुमच्या घरात अशी काही जुनी धुसफूस असेल तर ती तुमच्यापाशी संपवा. ती जमीन ते कसत होते आणि ती त्यांची झाली.

आता शेती, म्हणजे पैसा. सगळ्या ३४ एकरांतून उत्पन्न काढायचा विचार करू नका. तुम्ही लिहिलंत की विहिरीखाली आठ-नऊ एकर आहे, बाकी जिरायत आणि साधारण अकरा एकर माळ. हे तीन वेगळे धंदे आहेत.

विहिरीखालच्या जमिनीत काय लावायचं हे पाण्यावर जितकं ठरतं तितकंच तिथे कोण राहतं यावर ठरतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव आहे, भाव आहे, आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला अंजीरच लावायचं असतं. पण अंजीर म्हणजे तान्हं बाळ. तोडणीच्या दिवसांत रोज पहाटे बागेत जायचं, फळ देठाजवळ हलकं मुरगळून काढायचं, चीक लागून बोटं सोलवटतात, आणि तोडलेला माल दुसऱ्या दिवशी बाजारात लागला नाही तर त्याचं नुसतं वजन उरतं. खट्टा बहार पावसात सापडला तर तांबेरा येतो. मीठा बहार गोड आणि भावाचा, पण तो ऐन उन्हाळ्यात पाणी मागतो. शनिवार-रविवार येणाऱ्या मालकाचं हे पीक नव्हे. तुमचा चुलतभाऊ स्वतः बघणार असेल तर एक एकर लावा, पाच बाय पाच मीटरवर साधारण १६० झाडं बसतात. तेवढी दोन माणसांना पुरतात.

तुम्ही सुरुवात सीताफळाने करा. आपल्या हलक्या मुरमाड जमिनीत ते येतं, पाणी कमी मागतं, छाटणी आणि पिठ्या ढेकूण या दोन गोष्टी सांभाळल्या की बरंचसं जमतं. आणि शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. कुंपणाला पैसे नसतात त्या पहिल्या तीन वर्षांत ही फार मोठी गोष्ट आहे.

ऊस लावू नका. उपसा योजनेचं पाणी आलं की गावोगाव उसाचा मोह होतो, तुम्हालाही कोणीतरी सांगेल की लावून द्या, बघायला नको. याच तालुक्यातलं नायगाव तुमच्यापासून लांब नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची ४० एकर पडीक जमीन घेऊन बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव करून दाखवला, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. मी त्यातून आमच्या घरापुरतं एक उचललं. विहिरीचं पाणी आधी माणसांना आणि जनावरांना, मग झाडांना, मग उरलं तर भाजीला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी आम्ही भाजी लावत नाही, बोअर मारत नाही. एकदा मारलं होतं, बारवेपासून दीडशे फुटांवर. बोअर चाललं दोन उन्हाळे, आणि त्या दोन्ही उन्हाळ्यांत बारव कोरडी पडली.

जिरायत वाट्याने द्यायला हरकत नाही, बाजरी, मटकी, हुलगा, पुढे ज्वारी. कुळाच्या भीतीने लोक तोंडी देतात आणि तोंडी दिल्यामुळेच भांडणं होतात. तुमच्या वकिलाकडून दर हंगामाचा साधा लेखी करार बनवून घ्या आणि ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून होणारी पिकाची सरकारी नोंद, स्वतः, दर हंगामाला, शेतात उभं राहून करा. फोन तुमचा, नोंद तुमची.

माळाबद्दल मात्र हट्टाने सांगते. अकरा एकर माळ मोकळा दिसतो म्हणून तुम्हाला 'हजारो झाडं फुकट लावून देतो' म्हणणारी मंडळी भेटतील. नको म्हणा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून काय झालं ते तुम्ही फिरायला जाताना बघताच, खाली गवताची काडी दिसत नाही. आपला माळ पडीक नसतो, तो गवताचा असतो. पवन्या, मारवेल, कुसळी. त्यात चंडोळ घरटं करतो, धाविक पळतो, खोकड बीळ करतं. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे आहेत ते अशाच माळावर, दाट झाडीत नाही. आम्ही माळावर तीनच गोष्टी करतो. उताराला समतल चर, तेही सगळीकडे नाही, जिथे माती धुपते तिथेच. पावसाळाभर चराईबंदी. आणि गवताची कापणी दसऱ्यानंतर, बी झडल्यावर. पहिल्या वर्षी नुसतीच कुसळं येतील, पायात टोचतील, सगळे हसतील. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मारवेल वर येतं आणि मग गवताचा लिलाव होतो. झाडं हवीच असतील तर ओढ्याच्या काठाला आणि बांधावर लावा, बाभूळ, बोर, कडुनिंब.

कापणी झाली की दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगर मेंढरं घेऊन येतात. त्यांना माळावर चरू द्या आणि रात्री मेंढरं जिरायतात बसवा. सहा-सात रात्री दोन-तीनशे मेंढरं बसली की त्या जमिनीला दुसरं खत लागत नाही. आमच्याकडे धनगरांचा एकच वाडा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, दरवर्षी येतो. त्यातल्या थोरल्या बाई उतरल्या उतरल्या आधी माझ्या गोठ्यात डोकावतात आणि गाईंची तब्येत बघून मला बोल लावतात. त्यांचा अंदाज अजून चुकलेला नाही.

रिसॉर्टबद्दल थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, किमान एक एकर लागतो, आठ खोल्यांपर्यंत मुभा आहे. आम्ही दोनच खोल्या केल्या आणि त्याही वाड्यात नाही, जुन्या गोठ्यात. संडास-बाथरूम मातीच्या भिंतींच्या माडीवर नेऊ नका, एक गळका नळ दहा पावसाळ्यांचं काम करतो. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला पुण्याची मंडळी येतात. त्या सहा-सात आठवड्यांच्या कमाईत आमची वर्षाची शाकारणी आणि गवंड्याची मजुरी निघते. त्याहून जास्त हाव धरली नाही. धरली होती एकदा: लग्नाआधीच्या फोटोंसाठी वाडा दिला. पोरांनी रंगीत धुराच्या नळकांड्या फोडल्या, खांबांना दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकले. जांभळा डाग अजून देवडीत आहे, मी मुद्दाम पुसलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, शेतीतून निघेल का. वर्षाची देखभाल निघेल, चौथ्या-पाचव्या वर्षापासून. एकदम मोठी दुरुस्ती निघणार नाही. ती एकेका खणाने करा, वर्षाला एक किंवा दोन. आमचा पुढचा चौक पूर्ण व्हायला अकरा वर्षं लागली. पहिली चार वर्षं हिस्सेदारांना खिशातून घालावे लागतील, आणि तेवढी तयारी पाचांपैकी तिघांची तरी नसेल तर वाड्याला हात लावू नका, नुसती ताडपत्री टाका आणि थांबा.

विकण्याबद्दल: २०१६ साली विमानतळाची घोषणा झाल्यापासून पुरंदरमध्ये एजंटांची कमी नाही, भाव ऐकून कोणाचीही झोप उडेल. एखादा तुकडा विकणं पाप नाही. पण दुरुस्तीसाठी विकू नका, ते पैसे दोन वर्षांत भिंतीत जिरतात. ज्या भावाला खरंच बाहेर पडायचंय त्याचा हिस्सा देण्यासाठी विका. जबरदस्तीने राहिलेला हिस्सेदार वाळवीपेक्षा वाईट, आणि मोकळेपणाने गेलेला भाऊ गणपतीला आरतीला येतो.

तर सध्या एवढंच करा. ताडपत्री टाका, पहिल्या पावसातली ती एक रात्र तिथे काढा, फेरफार आणि मिळकत पत्रिका काढा, आणि पाचही जणांची एक बैठक वाड्यातच घ्या, पुण्यातल्या हॉटेलात नको. बहीण फोनवरून का होईना, पण हजर हवी. बैठकीत फक्त कारभारी कोण आणि किती वर्षांसाठी एवढंच ठरवा. रिसॉर्ट, अंजीर, विक्री हे विषय त्या दिवशी काढू नका.

आणि गावातल्या त्या चुलतभावाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत की 'तो काही करत नाही'. मागच्या पावसात माडी बसली तेव्हा रात्री तिथे कोण धावलं, मधल्या वर्षांत कोणी दिवा लावला, ते जरा विचारून बघा. मग ठरलेल्या कारभाऱ्याचं नाव आणि सगळे उतारे काढून लिहा. सीताफळाची रोपं कुठून घ्यायची ते तेव्हा सांगते.